मिटल्या डोळ्यांचा फोटो

"वहिनी, मोठी पंचाईत झालीय," भडकमकर दारातूनच म्हणाले आणि आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकले. "सिनेमा आलाय, पण खाली सबटायटल्सच नाहीत."

भडकमकर आमच्या फिल्म सोसायटीचे सेक्रेटरी. विम्याच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून कुठून कुठून परदेशी सिनेमे मिळवायचे आणि रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये दाखवायचे, हा त्यांचा उद्योग. उद्याचा सिनेमा जपानी होता. डबे आले, त्यांनी एक रीळ लावून बघितलं, तर पडद्यावर माणसं भराभर बोलतायत आणि त्यांचं काय चाललंय ते कळायला काही मार्ग नाही.

"मग मी काय करू?" मी विचारलं. विचारताना उत्तर माहीत होतं. जपानी येणारी माणसं तेव्हा पुण्यात मोजकीच होती. मी चिंचवडच्या एका कंपनीत जपानी इंजिनियर लोकांची दुभाषी होते.

"माईक देतो. तुम्ही बाजूला बसायचं आणि ते बोलतील तसं मराठीत सांगत जायचं. बस्स."

"आधी न बघता?"

"बघायला वेळ कुठंय, वहिनी? प्रोजेक्टरवाला आता थेट सकाळीच येणार."

मी दिवसभर तेच करून आले होते. दोन माणसांच्या मध्ये बसायचं आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं. मालकाचा राग जपानीत सांगायचा, इंजिनियरचा वैताग मराठीत. संध्याकाळी घरी येईपर्यंत स्वतःचं असं बोलायला तोंडात काही उरायचं नाही.

"कशावर आहे सिनेमा?"

"एक फोटोग्राफर आणि त्याची बायको. त्यांचा संसार." भडकमकर हसले. "म्हणजे तुमच्या घरचाच विषय."

तेवढ्यात माझा नवरा, अच्युत, न्हाणीघरातून बाहेर आला. आमचं न्हाणीघर हीच त्याची डार्करूम. तो कामात असला की मला आणि सासूबाईंना हात धुवायलाही खाली नळावर जावं लागे. त्याच्या हातातल्या चिमट्यात एक ओला फोटो होता.

"भडकमकर, बरे आलात. हे बघा."

माझा तो फोटो मी आठवड्यात कितव्यांदा तरी बघत होते. दवाखान्याची लोखंडी कॉट. खिडकीच्या गजांची सावली चादरीवर पडलेली. मी एका कुशीवर, डोळे मिटलेले, एक हात उशीखाली. आणि कॉटच्या पलीकडे, जरासा अंधारात, रिकामा पाळणा. चार वर्षांपूर्वी मला सातव्या महिन्यात मुलगी झाली होती, मेलेली. पाळणा तिथून हलवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

भडकमकर बराच वेळ बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "सबनीस, हे फार मोठं काम आहे."

"मुंबईच्या गॅलरीवाल्यांना निमंत्रणावर हाच हवाय," अच्युत म्हणाला. "सोमवारी कळवायचंय." आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. या वर्षांत अच्युतनं माझे किती फोटो काढले असतील ते देवच जाणे. पोटासाठी तो लग्नाचे, कारखान्याच्या यंत्रांचे फोटो काढायचा. जीव ओतून काढायचा ते माझे. केस वाळवताना, भांडी घासताना, माझे वडील गेले त्या दिवशी माजघराच्या उंबऱ्यावर बसलेली असताना. आता त्यातले निवडक घेऊन मुंबईत प्रदर्शन भरणार होतं. प्रदर्शनाला नावही माझंच होतं, 'शरयू'.

भडकमकर गेल्यावर तो म्हणाला, "तू नको म्हणालीस तर मी तो लावणार नाही. मी तुला आधीच सांगितलंय."

"तुझं तू ठरव."

"असं नको ना, शरयू. हो म्हण नाहीतर नाही म्हण."

"मला उद्या दोन तास बडबड करायचीय," मी म्हटलं. "आज जरा गप्प बसू दे."

मी रागावले नव्हते. रागवायला जो जोर लागतो तोच माझ्यात नव्हता.

सकाळी हॉल निम्मा भरला होता. पडद्याच्या डाव्या बाजूला शाळेचा एक बाक, त्यावर माईक आणि कागदाची टोपी घातलेला छोटा दिवा, अशी माझी सोय केली होती. प्रोजेक्टर एकच होता, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं चढेपर्यंत लोक खाकरायचे, मागं वळून एकमेकांशी बोलायचे. अच्युत तिसऱ्या रांगेत कडेला बसला होता.

सिनेमा साधा होता. उत्तरेकडचं एक थंड बंदर, तिथं एका माणसाचा फोटो स्टुडिओ. तो नवरा-नवरींचे, तान्ह्या पोरांचे, लढाईवर निघालेल्या तरुणांचे फोटो काढतो. बायको खिडकीशी बसून त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना कुंचल्यानं रंग भरते. ओठांना गुलाबी, किमोनोला निळा. कामाला लागण्याआधी तो कधी कधी तिलाच खुर्चीवर बसवतो, प्रकाश बघायला.

"हनुवटी जरा वर," मी माईकवर सांगत होते. "हलू नकोस. आता बोलू नकोस. थांब, बोलू नकोस."

मागच्या रांगेत अच्युतचे मित्र होते, ते हसले. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. मी दोघांचंही बोलत होते, त्याचं आणि तिचं. पण सुरुवातीला त्याचंच जास्त होतं.

मग तिच्या एका फोटोला राजधानीत मोठं बक्षीस मिळतं. लांबून लांबून माणसं त्या स्टुडिओत यायला लागतात. एक दिवस दोन पाहुणे येतात, भिंतीवरचा फोटो बघत उभे राहतात आणि चहा घेऊन आलेल्या बाईला विचारतात, "या फोटोतल्या बाई कुठं असतात?"

ती ट्रे खाली ठेवते. कपाळावर आलेले केस मागं सारते. आणि म्हणते, "त्या आज घरी नाहीत."

मी ते मराठीत सांगितलं आणि पुढचं वाक्य माझं चुकलंच. ते काय बोलले ते ऐकायचं राहून गेलं. हॉलमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही.

रीळ संपलं. दिवे लागले. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि सहज तिसऱ्या रांगेकडे बघितलं. अच्युत मान मागं टाकून डोळे मिटून बसला होता. शेजारून जाताना भडकमकर माझ्या कानाशी वाकले, "आमचा प्रमुख प्रेक्षक झोपला बघा."

मला वाईट वाटलं नाही. वाटलं, झोपू दे. एकाला तरी झोप मिळू दे.

त्या सिनेमात एक गोष्ट परत परत येत होती. ती बाई बाजाराला निघाली, आंघोळीला सार्वजनिक हमामात निघाली, काही झालं तरी दारात थांबून म्हणायची, 'इत्तेकिमास'. जपानी माणूस घराबाहेर पडताना हे म्हणतोच. जाऊन येते, असा त्याचा सरळ अर्थ. आणि घरातला माणूस उत्तर देतो, जाऊन ये. आपल्यासारखंच. मला त्यासाठी शब्द शोधावा लागत नव्हता. ती दारात उभी राहिली की मी म्हणायचे, "येते हं," आणि नवऱ्याच्या वतीनं म्हणायचे, "जाऊन ये." तो प्रत्येक वेळी कामातून मान वर न करता म्हणायचा.

शेवटच्या रिळात हिवाळा येतो. दोघांत भांडण होत नाही, कुणी तिसरं येत नाही. ती एका दुपारी कुंचले धुते, पुसून उभे करून ठेवते, अंगावर जाड शाल घेते. हातात एक लहान बोचकं. तो काळ्या कापडाखाली कॅमेऱ्यात डोकं घालून काहीतरी नीट करत असतो. ती दारात थांबते. आणि म्हणते, 'इकिमास'.

एवढंच. मधलं ते अक्षर नाही, म्हणजे परत येणंही नाही.

मी क्षणभर थांबले. मराठीत असं कुणी म्हणत नाही. उंबऱ्यात उभं राहून कुणी ते म्हटलं तर घरातलं मोठं माणूस खेकसतं, येते म्हणावं. पण तिनं जे म्हटलं ते तेच होतं आणि माझं काम ती म्हणाली ते सांगायचं होतं.

"जाते," मी माईकवर म्हटलं.

हॉलमध्ये कुणीतरी बाई 'अगं बाई' म्हणाली. आणि पडद्यावर, कापडाखालून, रोजच्याच आवाजात तो बोलला. तेही मलाच सांगायचं होतं.

"जाऊन ये."

एक-दोघं हसले आणि एकदम गप्प झाले. नंतर फार काही नव्हतं. संध्याकाळ होते, तो दिवा लावायला तिला हाक मारतो, मग जिन्यात येऊन हाक मारतो. तिचं नाव मी मराठीत काय सांगणार. मी माईक बंद केला.

दिवे लागल्यावर माणसं माझ्याभोवती जमली. कॉलेजातून रिटायर झालेले नाडगौडा सर म्हणाले, "बाकी फार छान, पण तिथं 'येते'च हवं होतं. मराठी बाई 'जाते' म्हणणार नाही."

"ती जपानी बाई होती, सर," मी म्हटलं. "आणि ती तेच म्हणाली."

माझा घसा दुखत होता. खरं म्हणजे मला कुठंतरी एकटीनं बसायचं होतं. तो शब्द सहज आला होता. इतका सहज की तो बराच काळ माझ्या तोंडातच असावा, आणि कुणीतरी माईक पुढं करायची वाट बघत असावा, असं मला वाटलं.

अच्युत बाहेर स्कूटरपाशी उभा होता. "चहा पिऊ या?" त्यानं विचारलं. आम्ही कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात जाऊन बसलो. दुपारचे बारा वाजून गेले होते, तिथं आमच्याशिवाय पेपर वाचणारा एक म्हातारा होता.

"भडकमकर म्हणाले तू झोपला होतास."

"झोपलो नव्हतो."

"मग?"

"पडद्याकडे बघितलं की तू ऐकू येत नव्हतीस," तो म्हणाला. "म्हणून डोळे मिटून घेतले."

चहा आला. तो कपातली साय बोटानं काढून बशीच्या कडेला लावत बसला. हे तो नेहमी करायचा आणि मला नेहमी किळस यायची. आज आली नाही.

"ते शेवटचं," तो म्हणाला. "तू घातलंस की तीच म्हणाली?"

"तीच म्हणाली."

"आणि तो खरंच 'जाऊन ये' म्हणाला?"

"हो. सवय होती त्याला."

मग त्यानं विचारलं, "तू जाणारेस, शरयू?"

मी तसं काही ठरवलं नव्हतं. त्याच्या तोंडून प्रश्न आला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा प्रश्न विचारता येण्यासारखा आहे. "माहीत नाही," मी म्हटलं. "पण म्हणताना जड नाही गेलं."

त्यानं मान हलवली. मी त्याला थकवलं होतं, की तो आधीपासूनच थकलेला होता आणि मी बघितलं नव्हतं, कोण जाणे.

"तो फोटो लावू नकोस," मी म्हटलं.

"नाही लावत." तो लगेच म्हणाला. मग जरा थांबून, "पण का, ते सांगशील?"

"मी झोपले नव्हते."

त्याला कळलं नाही. "कधी?"

"तेव्हा. दवाखान्यात. मी जागी होते, अच्युत."

त्याचा हात बशीवर तसाच राहिला.

"आई खाली औषधं आणायला गेली होती. दार वाजलं आणि मी तुझी पावलं ओळखली. मला डोळे उघडवत नव्हते, पण वाटलं, आता हा येऊन कॉटवर बसेल. मग बॅगेचं बक्कल वाजलं. मग शटर. मग तू रीळ पुढं सरकवलंस तो आवाज. परत शटर. तू खिडकीकडे गेलास, परत शटर. मी म्हटलं, संपेल आता. संपलं की हात लावेल. मी डोळे मिटून वाट बघत पडले होते. मग दार वाजलं आणि तू गेलास."

एवढं सगळं मी एका दमात बोलले. अगदी सपाट आवाजात, मघाशी माईकवर बोलत होते तसं.

अच्युतचा चेहरा मला बघवेना. तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले होते, झोपेचं इंजेक्शन दिलंय, उठवू नका."

"दिलं होतं. लागलं नाही."

"आणि तुझ्या आईनं बजावलं होतं, तिच्यासमोर रडायचं नाही. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात बसलो. तुझा भाऊ होता तिथं. विचार त्याला. त्यानं मला धरून खाली नेलं."

मला भावानं कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

"मग कॅमेरा का काढलास?"

पेपर वाचणारा म्हातारा उठून गेला. गल्ल्यावरच्या माणसानं रेडिओचा आवाज कमी केला.

"पाळण्यासाठी," अच्युत म्हणाला. "तिला मी बघितलंसुद्धा नाही, शरयू. नर्सनं गुंडाळून नेली. माझे बाबा म्हणाले, बघू नकोस, बघितलंस तर विसरणार नाहीस. आत आलो तर तिचं असं त्या खोलीत तेवढंच होतं. पाळणा. मला वाटलं आता कुणीतरी येऊन तोही घेऊन जाईल." त्याचा आवाज फाटला. "लोक म्हणतात, बायकोचा फोटो. मला तो कधी तुझा फोटो वाटलाच नाही. मला वाटायचं तो आपल्या तिघांचा आहे."

मी टेबलाच्या फरशीवर दोन्ही हात पालथे ठेवून बसले होते. ती फरशी गार होती हे मला अजून आठवतं. चार वर्षं मी एका गोष्टीसाठी त्याच्यावर मनातून कुढत होते आणि ती गोष्ट तशी नव्हती. पण तिची जागा घ्यायला दुसरं काही लगेच आलं नाही. माया दाटून आली असं म्हणायला हवं, पण नाही आली. खूप चालून आल्यावर नुसतं खाली बसावंसं वाटतं तसं वाटलं.

"मग तो लोकांना कशाला दाखवायचा?" मी विचारलं.

त्यानं नुसती मान डोलावली, लहान पोरासारखी, दोन-तीनदा.

सोमवारी त्यानं मुंबईला ट्रंककॉल लावला. गॅलरीवाले चिडले, निमंत्रणावर दुसराच एक फोटो छापला. प्रदर्शन झालं. बरी गर्दी झाली, पेपरात चार ओळी आल्या, आणि लोक विसरले. मी उद्घाटनाला गेले नाही. तो ओला बघितलेला फोटो अच्युतनं कुठं ठेवला ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आणि दिवाळीनंतर मी गेले. कंपनीजवळ चिंचवडगावात गावडे काकूंच्या वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली, तिथं राहू लागले. आदळआपट काही नव्हती. माझी आई सहा महिने माझ्याशी बोलली नाही, सासूबाई मात्र म्हणाल्या, "थोडी झोप काढ तिथं." मी खरोखर झोपलेच. सुट्टीच्या दिवशी दुपारची झोपले तर दिवेलागणीला उठायचे आणि आपण कुठं आहोत ते आठवायला वेळ लागायचा.

अच्युत रविवारी यायचा. कधी स्टोव्हची पिन घेऊन, कधी सासूबाईंनी दिलेला मेतकुटाचा डबा घेऊन. कॅमेरा आणायचा नाही. पहिले काही रविवार आम्हाला दोघांनाही एकमेकांकडे कसं बघायचं ते कळत नव्हतं. तो खिडकीबाहेर बघून बोलायचा. हळूहळू माझ्या लक्षात आलं, हा माणूस बोलतो. शाळेतल्या गोष्टी सांगायचा, वडिलांच्या सांगायचा. एकदा त्यानं मुलीचं नाव काय ठेवायचं मनात होतं ते सांगितलं. मीही माझ्या मनातलं सांगितलं. दोन्ही वेगळी होती. आम्ही त्यावर थोडा वेळ वाद घातला, खरंच वाद घातला.

असं वर्ष उलटून गेलं. मी परत गेले नाही. त्यानं चल म्हटलं नाही. आणि एका बुधवारी मी कामावरून आले तर खाली दारात टेम्पो उभा. टेम्पोशेजारी अच्युत, एक ट्रंक, एक पिशवी आणि सुतळीनं बांधलेली गादी. गावडे काकू पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या आणि त्याच्याकडे बघत होत्या.

"आज तर बुधवार हाय," काकू मला म्हणाल्या. "आणि हे सामान कसलं?"

मी अच्युतकडे बघितलं. त्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. त्याचे केस कानापाशी पांढरे झाले होते.

"आईला विचारलं," तो म्हणाला. "ती म्हणाली, भावाकडं जाते मी, तू जा. म्हणजे तुला चालणार असेल तर."

"राहणार हायेत का हे?" काकूंनी मला विचारलं. त्याला नाही, मला.

मी दिवसभर उभी होते. पाय भरून आले होते. पोटात भूक होती. "राहतील," मी म्हटलं. "पण आधी गादी वर न्यायला हवी."

जिना अरुंद होता. मी वरून धरली, त्यानं खालून. वळणावर गादी भिंत आणि कठड्यामध्ये अशी अडकली की वरही जाईना, खालीही येईना. मला तो दिसत नव्हता, नुसता त्याचा धापा टाकल्याचा आवाज येत होता.

"थांब जरा," तो गादीपलीकडून म्हणाला. "दमलो."

"मीपण," मी म्हटलं.

खालून काकू विचारत होत्या, झालं का, झालं का. मी माझ्या पायरीवर बसले आणि गादीला पाठ टेकली. पलीकडून तोही टेकला असावा, कारण गादी थोडी माझ्याकडे सरकली आणि मग स्थिर झाली.